किनाऱ्यावरची जाळी, पायातली कडी

उत्तर युरोपात आणि उत्तर अमेरिकेत ऑगस्टच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत लहान गाणाऱ्या पक्ष्यांचे दक्षिणेकडे स्थलांतर चालते. वटवटे, कस्तुर, माशीमार असे बरेचसे पक्षी रात्री उडतात आणि उजाडल्यावर खाण्यासाठी व विसाव्यासाठी खाली उतरतात. पहाटे समुद्रावर असलेला पक्षी दिसेल त्या पहिल्या जमिनीकडे वळतो. जमिनीवरून आलेला, विशेषतः दिवसा उडणारा पक्षी समोर पाणी पाहून बिचकतो आणि किनाऱ्याच्या कडेकडेने जाऊ लागतो. त्यामुळे एरवी शेकडो किलोमीटर रुंदीच्या प्रदेशावर विखुरलेले पक्षी भूशिरांवर, वाळूच्या दांड्यांवर आणि किनाऱ्याजवळच्या बेटांवर दाटीने गोळा होतात. पक्षी पकडून, पायात क्रमांकाचे कडे घालून त्यांना सोडून देणारी बरीच केंद्रे अशाच जागी उभी राहिली. मात्र या जागा शास्त्रज्ञांनी शोधलेल्या नव्हत्या. ते तेथे पोचले तेव्हा जाळी लावून बसलेले लोक आधीपासूनच होते, आणि ते पक्षी पकडत होते ते खाण्यासाठी.

पक्ष्याच्या पायाला खूण बांधण्याची कल्पना जुनी आहे. शिकारी ससाण्यांच्या पायात मालकाच्या नावाची पट्टी युरोपातील राजेरजवाडे घालत असत. अमेरिकी पक्षीचित्रकार ऑड्युबन याने आपण तरुणपणी फीबी या पक्ष्याच्या पिलांच्या पायाला चांदीचा दोरा बांधला आणि पुढच्या वर्षी त्यांतली दोन परत आलेली पाहिली, असे लिहून ठेवले. पण त्याच्या सांगण्यातील काळ आणि त्याच्या प्रवासाची कागदपत्रे जुळत नसल्याने अलीकडे या कथेवर संशय घेतला जातो. पद्धतशीर काम सुरू केले ते डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गावच्या हान्स ख्रिस्तियान मॉर्टेनसेन या शाळामास्तराने. जस्ताची कडी पक्ष्याला जड होतात हे आधी अनुभवल्यावर त्याने अॅल्युमिनियम निवडले आणि १८९९ मध्ये १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत गावाचे नाव व क्रमांक कोरलेली कडी घातली. प्रत्येक पक्ष्याला वेगळा क्रमांक, त्याची वहीत नोंद आणि सापडल्यास कळवण्यासाठी पत्ता, ही त्याची रीत सव्वाशे वर्षांनंतरही मुळात तीच आहे.

मॉर्टेनसेनची रीत किनाऱ्यावर प्रथम मोठ्या प्रमाणात राबवली गेली ती त्या काळच्या पूर्व प्रशियात. बाल्टिक समुद्र आणि एक खाजण यांच्या मधोमध सुमारे ९८ किलोमीटर लांबीचा, काही ठिकाणी अर्धा किलोमीटरही रुंद नसलेला वाळूचा एक दांडा आहे. त्यावरील रॉसिटेन या कोळ्यांच्या गावात योहानेस थीनेमान याच्या पुढाकाराने १९०१ मध्ये पक्षीकेंद्र स्थापन झाले. थीनेमान मुळात धर्मशास्त्र शिकलेला. त्या गावात दर शरदात वरून हजारो राखाडी-काळे कावळे जात आणि गावकरी मासळीचे आमिष व पाय बांधलेले पाळीव कावळे मांडून त्यांना जाळ्यात ओढत. पकडलेल्या कावळ्याची कवटी दातांनी चावून त्याला मारण्याची तेथे रीत होती. मारलेले कावळे मीठ लावून पिंपात भरत आणि गरिबांच्या घरी हिवाळाभर ते पुरत. थीनेमानने या लोकांशी भांडण मांडले नाही. त्याने त्यांच्याकडून जिवंत कावळे विकत घेतले आणि १९०३ पासून त्यांना कडी घालून सोडायला सुरुवात केली. सोडलेला कावळा पुढे दुसऱ्याच कोणाच्या जाळ्यात सापडला तरी चालणार होते. किंबहुना तो सापडावा हीच अपेक्षा होती. परत आलेल्या कड्यांवरून थीनेमानने कावळ्यांचा उन्हाळी व हिवाळी मुलूख नकाशावर मांडला.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हे केंद्र ओस पडले, त्याचा वारसा जर्मनीत कॉन्स्टन्स सरोवराकाठी गेला आणि रॉसिटेन रशियाच्या ताब्यात येऊन रिबाची झाले. तेथे १९५६ मध्ये ल्येव बेलोपोल्स्की याने सोव्हिएत विज्ञान अकादमीचे केंद्र उघडले. या केंद्राचे नरसाळ्याच्या आकाराचे जाळीचे सापळे इतके मोठे आहेत की तोंडाशी उभा राहिलेला माणूस खुजा वाटतो. चॅफिंच या पक्ष्याच्या शास्त्रीय नावावरून त्या जागेला फ्रिंगिला म्हणतात, कारण अनुकूल हवेच्या दिवशी या सापळ्यांत सर्वांत जास्त चॅफिंचच येतात.

नरसाळ्याच्या सापळ्याचा उगम मात्र उत्तर समुद्रातील हेल्गोलँड या बेटावरचा. तांबड्या खडकाचे हे इवलेसे बेट १८९० पर्यंत ब्रिटिशांकडे होते. हाइनरिख गेट्के हा जर्मन चित्रकार १८३७ मध्ये तेथे आला, पुढे बेटाच्या सरकारी कचेरीत सचिव झाला आणि जवळजवळ साठ वर्षे तेथेच राहून त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या. त्याचा ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. नोंदी मोलाच्या असल्या तरी निष्कर्ष काही ठिकाणी भलतेच होते. ब्लूथ्रोट, म्हणजे मराठीतला शंकर, आफ्रिकेहून एका रात्रीत हेल्गोलँडला पोचतो असे त्याचे मत होते आणि त्यासाठी त्याने या चिमुकल्या पक्ष्याला आजच्या बहुतेक आगगाड्यांनाही मागे टाकील असा वेग बहाल केला होता. अमुक पक्षी कोठून निघाला हे ओळखण्याचे साधनच नसल्यावर अशा चुका होणारच. शरदात आधी त्याच वर्षी जन्मलेली पिले येतात आणि प्रौढ मागाहून, हेही गेट्केने ठामपणे लिहिले होते. या दुसऱ्या विधानाकडे शास्त्रज्ञांना पुढे पुन्हा वळावे लागले.

हेल्गोलँडवर झाडे जवळजवळ नव्हतीच. बेटावरचे लोक याचाच फायदा घेत. शरदात ते तोडून आणलेली झुडपे ओळीने जमिनीत रोवत, एका बाजूला जाळे टांगत आणि आसऱ्याला आलेल्या कस्तुरांना हाकत त्या जाळ्यात नेत. कस्तुराचा रस्सा हे बेटावरचे शरदातले नेहमीचे जेवण होते. हुगो वायगोल्ड याच्या हाताखाली १९१० मध्ये तेथे अधिकृत पक्षीकेंद्र सुरू झाले. पहिल्या महायुद्धानंतर त्याने या कस्तुर-झुडपाला कायमस्वरूपी रूप दिले: खऱ्या झुडपांभोवती तारेच्या जाळीचे रुंद तोंडाचे नरसाळे, आत अरुंद होत जाणारा बोळ आणि शेवटी काचेची पेटी. उजेडाकडे झेपावणारा पक्षी पेटीत शिरतो आणि मागचे दार पडते. पक्ष्याला इजा होत नाही आणि एकाच फेरीत अनेक पक्षी हाती येतात. जगभरच्या पक्षीकेंद्रांत आजही या सापळ्याला हेल्गोलँड हेच नाव आहे. बेटाचे स्वतःचे नशीब मात्र खडतर ठरले. एप्रिल १९४५ मध्ये बॉम्बफेकीने वस्ती उद्ध्वस्त झाली आणि दोन वर्षांनी ब्रिटिश नौदलाने तटबंदी नष्ट करण्यासाठी हजारो टन स्फोटके एकदम उडवून बेटाचा आकारच बदलला. १९५२ मध्ये बेट जर्मनीला परत मिळाले आणि पुढच्याच वर्षी केंद्राने काम पुन्हा सुरू केले.

ब्रिटनमध्ये कडी घालण्याच्या दोन योजना एकाच वर्षी, १९०९ मध्ये निघाल्या: एक अॅबरडीनमध्ये लँड्सबरो थॉमसनची, दुसरी लंडनमध्ये प्रकाशक हॅरी विदरबीची. विदरबीच्या कड्यांवर त्याच्या छापखान्याचा पत्ता असे. मे १९११ मध्ये स्टॅफर्डशायरमधील एका घरात कडे घातलेली भिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळमध्ये सापडली आणि तिची बातमी पत्राने लंडनला आली. इंग्लंडच्या भिंगऱ्या हिवाळ्यात कोठे जातात या जुन्या प्रश्नाचे हे पहिले पक्के उत्तर होते. एका कड्यामुळे इतके कळते म्हटल्यावर जास्तीत जास्त पक्ष्यांना कडी घालण्याची चढाओढ लागली नसती तरच नवल.

किनारी केंद्रे तेथे थोडी उशिरा आली. वेल्सच्या किनाऱ्यावरील स्कोकहोम बेटावर रोनाल्ड लॉकली याने १९३३ मध्ये हेल्गोलँडच्या धर्तीचा सापळा उभारून ब्रिटनमधले पहिले पक्षीकेंद्र सुरू केले. पुढच्या वर्षी स्कॉटलंडच्या आइल ऑफ मे बेटावर दुसरे निघाले. सर्वांत प्रसिद्ध झालेल्या फेअर आयल केंद्राची आखणी तर युद्धकैद्यांच्या छावणीत झाली. जॉर्ज वॉटरस्टन हा स्कॉटिश पक्षीनिरीक्षक १९४१ मध्ये क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडला आणि कैदेतल्या रिकाम्या वेळात त्याने शेटलंड व ऑर्कनी यांच्यामधील या बेटावरच्या केंद्राचे आराखडे तयार केले. युद्धानंतर त्याने बेटच विकत घेतले आणि १९४८ मध्ये केंद्र उघडले. तेथील पहिला संचालक केनेथ विल्यमसन याने शरदात आलेल्या पक्ष्यांच्या नोंदी हवामानाच्या नकाशांशी ताडून पाहिल्या. स्कँडिनेव्हियातून दक्षिणेला निघालेले पक्षी पूर्वेच्या वाऱ्याने आणि ढगाळ हवेने उत्तर समुद्रावर ढकलले जातात आणि म्हणून बेटांवर उतरतात, असे त्याने मांडले. हे खरे असेल तर बेटावर एखाद्या सकाळी उतरलेली गर्दी त्या जातीचा नेहमीचा मार्ग दाखवतेच असे नाही. ती बहुधा वाट चुकलेल्यांचीच असते. केंद्राची जागा जितकी सोयीची, तितका तेथला नमुना एकांगी, ही अडचण प्रथम येथे स्पष्ट झाली.

हॉलंडच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांमागे फिंच पकडण्याच्या जागा शतकानुशतके चालत होत्या. मोकळ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना आपटती जाळी पसरलेली, मध्ये पिंजऱ्यात बोलावणारे नर. शरदात नर गात नाहीत म्हणून त्यांना उन्हाळाभर काळोखात ठेवून त्यांचा ऋतू पुढे ढकलला जाई. पक्षीसंरक्षणाचे कायदे आल्यावर हा धंदा संपला, पण कसब असलेली माणसे आणि जाळी शिल्लक होती. त्यांच्या आधारे ए. सी. पर्डेक याने स्थलांतराच्या अभ्यासातला एक अतिशय गाजलेला प्रयोग केला. १९४८ ते १९५७ या काळात हेग शहराजवळ शरदात पकडलेल्या अकरा हजारांहून अधिक स्टार्लिंग पक्ष्यांना कडी घालून विमानाने स्वित्झर्लंडला नेले आणि सोडले. पूर्वी एकदा प्रवास केलेल्या प्रौढांनी दिशा बदलली आणि ते उत्तर फ्रान्स व इंग्लंडमधील आपल्या नेहमीच्या मुलखाकडे वळले. पहिल्यांदाच निघालेली पिले मात्र जन्मजात दिशा धरून दक्षिण फ्रान्स आणि स्पेनकडे गेली. पिलाला दिशा आणि अंतर ठाऊक असते, प्रौढाला मुक्कामही ठाऊक असतो, हा भेद यातून पुढे आला. यापेक्षा स्वच्छ उत्तर देणारा प्रयोग कड्यांच्या इतिहासात क्वचितच सापडेल, आणि तो उभा राहिला फिंच खाणाऱ्यांच्या जाळ्यांवर.

तिसरे साधन आले जपानमधून. तेथे डोंगरखिंडींत शरदात येणारे कस्तुर रेशमी धाग्याच्या झिरझिरीत जाळ्यात पकडून निखाऱ्यावर भाजून खाण्याची जुनी चाल होती. महायुद्धानंतर अमेरिकी ताबा असताना ऑलिव्हर ऑस्टिन हा पक्षीशास्त्रज्ञ जपानात वन्यजीव विभागाचा प्रमुख होता. त्याने या जाळ्यांवर १९४७ मध्ये अहवाल लिहिला. त्याच सुमारास या जाळ्यांनी पक्षी पकडण्यावर जपानात बंदी आली. ऑस्टिनच्या घराण्याचे केप कॉड येथे स्वतःचे पक्षीकेंद्र होते, त्यामुळे या जाळ्याचा दुसरा उपयोग त्याला वेगळा सांगावा लागला नाही. काही वर्षांतच हे जाळे मिस्ट नेट या नावाने अमेरिकेत रुळले. ब्रिटनमध्ये ते १९५६ पासून वापरात आले. रेशमाची जागा पुढे काळ्या नायलॉनने घेतली. नेहमीचे जाळे बारा मीटर लांब आणि अडीच मीटरच्या आसपास उंच असते. आडव्या दोऱ्यांवर ते सैल सोडलेले असल्याने प्रत्येक दोरीखाली झोळ तयार होतो आणि आदळलेला पक्षी त्यात पडून राहतो. झुडपांच्या पार्श्वभूमीवर जाळे दिसतच नाही. सापळा बांधायला तारा, खांब आणि जागेची मालकी लागते. मिस्ट नेट पिशवीत मावते. पक्ष्यांना कडी घालण्याचे काम शास्त्रज्ञांच्या बरोबरीने शिक्षक, गृहिणी, निवृत्त कर्मचारी यांच्या हाती गेले ते या जाळ्यामुळे. मात्र जाळे चोख सांभाळावे लागते. अर्ध्या तासाला फेरी मारली नाही, पाऊस आला आणि जाळी गुंडाळली नाहीत, तर पक्षी गारठून किंवा गुंतून मरतात.

अमेरिकेत पक्ष्यांना कडी घालणारी संघटना १९०९ मध्ये स्थापन झाली होती. स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा १९१८ मध्ये आला आणि १९२० पासून कड्यांचे वाटप व नोंदी सरकारच्या जैविक सर्वेक्षण खात्याकडे गेल्या. फ्रेडरिक लिंकन याने त्या नोंदींवरून उत्तर अमेरिकेचे चार उड्डाणमार्ग मांडले, पण त्याची सामग्री मुख्यतः बदकांची होती. बदके शिकाऱ्यांच्या गोळीला बळी पडतात आणि कडी परत येतात. दहा-बारा ग्रॅमच्या वार्ब्लर पक्ष्यावर कोणी गोळी झाडत नाही आणि तो मेला तर पानांच्या ढिगात कोणाला दिसतही नाही. त्यामुळे लहान पक्ष्यांच्या हजार कड्यांमागे परत येणारी कडी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच असतात. या अडचणीवर मात करण्यासाठी १९५५ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर ऑपरेशन रिकव्हरी ही सामूहिक मोहीम सुरू झाली. जेम्स बेअर्ड, अॅरन बॅग, इयन निस्बेट, चँडलर रॉबिन्स ही तिच्याशी निगडित नावे. किनाऱ्यावर ओळीने केंद्रे असली, सगळ्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरात एकाच वेळी जाळी लावली, तर उत्तरेला कडे घातलेला पक्षी दक्षिणेच्या जाळ्यात सापडेल, हा हिशेब होता. हिशेब फसला. हजारो पक्षी पकडले गेले, पण एका केंद्राचा पक्षी दुसऱ्या केंद्राला सापडणे दुर्मीळच राहिले.

आणि तरीही या मोहिमेची फलश्रुती मोठी आहे. कडे परत येणार नसेल, तर पक्षी हातात असलेल्या दोन मिनिटांतच जे मिळेल ते घ्यायचे, याकडे केंद्रे वळली. मान तर्जनी आणि मधल्या बोटामध्ये धरून पक्षी उताणा घ्यायचा, गळ्याखालच्या खळग्यावरची पिसे फुंकरीने बाजूला करायची आणि कातडीखाली पिवळी चरबी किती साठली आहे त्याला अंक द्यायचा. पंख पट्टीवर मोजायचा, वजन घ्यायचे. डोक्यावरची पिसे ओली करून पारदर्शक कातडीतून कवटी पाहायची: प्रौढाची कवटी दोन थरांची आणि मधल्या खांबुल्यांमुळे ठिपकेदार दिसते, त्या वर्षीच्या पिलाची काही भाग एकेरीच असल्याने गुलाबी, नितळ. वय सांगणारी ही खूण शरदातच सर्वांत उपयोगी, कारण वर्षअखेरीपर्यंत बहुतेक पिलांची कवटीही पुरी भरून येते.

या कवटीतपासणीतून एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. अमेरिकेच्या किनारी केंद्रांवर शरदात सापडणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांत दहापैकी नऊच्या आसपास पक्षी त्याच वर्षी जन्मलेले निघू लागले. देशाच्या आतल्या भागातील केंद्रांवर प्रौढांचे प्रमाण बरेच जास्त होते. रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये रेडस्टार्ट पक्ष्याच्या बाबतीत किनारा आणि अंतर्भाग यांची तुलना प्रसिद्ध केली, आणि सी. जॉन राल्फ याने पुढे या प्रकाराचा सविस्तर अभ्यास केला. त्याला किनारी परिणाम असे नाव पडले. अनुभवी प्रौढ किनाऱ्याच्या कडेपासून दूर राहतात किंवा तेथे न थांबताच वरून निघून जातात. वाऱ्याने सरकलेली, पहिल्याच प्रवासाला निघालेली पिले समुद्राच्या काठावर येऊन अडकतात. फेअर आयलवर विल्यमसनला जो संशय आला होता, त्याला अमेरिकी किनाऱ्यावर आकड्यांची जोड मिळाली. गेट्केला हेल्गोलँडवर दिसलेल्या पिलांच्या गर्दीतही ऋतूबरोबर जागेचा काही वाटा असावा, असे आता मानायला हरकत नाही. पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या फॅरलॉन बेटांवर, पॉइंट रेयेस पक्षीकेंद्राने जाळी लावली तेव्हा तेथे पूर्व अमेरिकेतले वार्ब्लर दर शरदात येताना दिसले. डेव्हिड डीसँटी याने १९७३ मध्ये असे मांडले, की यांतले काही पक्षी दिशा आरशातल्यासारखी उलटी धरून, आग्नेयेऐवजी नैर्ऋत्येला निघालेले असतात.

वजनाच्या नोंदींनी त्याहून मोठा वाद उभा केला. ब्लॅकपोल वार्ब्लर हा कॅनडा व अलास्कातला, एरवी बारा ग्रॅमच्या आसपास वजनाचा पक्षी. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर शरदात तो इतकी चरबी चढवतो, की काहींचे वजन वीस ग्रॅमच्या वर जाते. निस्बेट आणि सहकाऱ्यांनी या वजनांवरून, हे इंधन किती तास पुरेल याचा हिशेब मांडून, तो अटलांटिक महासागरावरून सलग उडत वेस्ट इंडीज आणि दक्षिण अमेरिकेला जातो असे प्रतिपादन केले. रडारवरच्या खुणा त्याला दुजोरा देत होत्या. पण बर्ट्रम मरे याने १९८९ मध्ये, जाळ्यांतल्याच नोंदी पुढे ठेवून, हा पक्षी किनाऱ्यानेच दक्षिणेकडे सरकतो असा प्रतिवाद केला. दोन्ही बाजूंचा मुख्य पुरावा जाळ्यातूनच आलेला होता, म्हणून जाळ्याने त्याचा निकाल लागणे शक्य नव्हते. तो २०१५ मध्ये लागला. अर्धा ग्रॅम वजनाचे, प्रकाशाची वेळ नोंदवणारे यंत्र पाठीवर बांधलेले पाच पक्षी वर्षभराने परत पकडता आले होते. त्यांनी दोन-तीन दिवसांत समुद्रावरून न थांबता सुमारे २,२७० ते २,७७० किलोमीटर अंतर कापले होते.

भारतात कडी घालण्याचे काम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२० च्या दशकात, धारच्या पवार संस्थानात बदकांपासून सुरू केले. लहान पक्ष्यांकडे लक्ष वळले ते रोगाच्या भीतीने. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलातला ताप उद्भवला. त्याचा विषाणू रशियातल्या एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता असल्याने तो स्थलांतरी पक्ष्यांच्या गोचिडांबरोबर आला की काय, असा संशय होता. तो सिद्ध झाला नाही, पण त्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली आणि १९५९ पासून सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना मोठ्या संख्येने कडी घातली जाऊ लागली. पुढे अमेरिकी लष्कराच्या पैशातून एलियट मॅक्ल्यूर याने १९६३ ते १९७१ या काळात चालवलेल्या आशियाई मोहिमेत भारतासह अनेक देशांत मिळून दहा लाखांहून अधिक पक्ष्यांना कडी घातली गेली. तमिळनाडूत बंगालचा उपसागर आणि पाल्कची सामुद्रधुनी जेथे मिळतात त्या कोडियाक्करै भूशिरावर सोसायटीने दीर्घकाळ केंद्र चालवले. खाजणातले किनारपक्षी हे तेथले मुख्य काम असले, तरी मागच्या काटेरी जंगलात लावलेल्या जाळ्यांत सप्टेंबरपासून वटवटे, माशीमार आणि नवरंगही येतात. पक्षी पकडायला सोसायटीने बिहारमधले मीरशिकार आणले. पिढ्यानपिढ्या पक्षी पकडून विकणारा हा समाज. पक्ष्याचा आवाज हुबेहूब काढण्यात आणि बांबू, दोरा, फासे यांनी त्याला इजा न होता धरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. विद्यापीठातून आलेले तरुण संशोधक ते कसब त्यांच्याकडूनच शिकले. रॉसिटेनच्या कावळेवाल्यांचे आणि थीनेमानचे जे नाते, तेच येथे पुन्हा जुळले. मुंबईचा पत्ता कोरलेली कडी त्यामुळे सैबेरियापर्यंत पोचली.

कडी परत येण्याच्या आशेने उभी राहिलेली केंद्रे आता वेगळ्याच कामासाठी चालतात. मॅसॅच्युसेट्समधील मॅनोमेट येथे १९६० च्या दशकापासून त्याच जागी, तेवढीच जाळी, त्याच ऋतूत लावली जातात. त्यामुळे जाळ्यात येणाऱ्या जातींची संख्या दशकादशकाने कशी बदलली हे तेथल्या वह्यांवरून वाचता येते. किनारी परिणामाची खोट या नोंदींतही आहेच, पण ती दरवर्षी सारखीच असल्याने तुलनेला आड येत नाही. २०१० च्या दशकात कॅनडातून सुरू झालेल्या मोटस योजनेने किनाऱ्यांवर रेडिओ लहरी टिपणारे मनोरे उभे केले. पक्ष्याच्या पाठीवर चिमुकला प्रक्षेपक बांधला, की तो पुन्हा हाती न लागताही एका मनोऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची त्याची वाट कळते, म्हणजे ऑपरेशन रिकव्हरीला जे साधले नव्हते ते साधते. तो प्रक्षेपक बांधण्यासाठी पक्षी मिस्ट नेटमध्येच पकडावा लागतो, आणि त्याच वेळी त्याच्या पायात अॅल्युमिनियमचे कडेही चढवले जाते.